प्रवाळभित्ती आणि स्थानिक स्वराज्य

समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही, अशी आपली एक ढोबळ समजूत असते. जमिनीला सातबारा असतो, बांध असतो आणि बांधावरून शेजाऱ्याशी तंटाही असतो. नदीला घाट असतो आणि घाटाला गाव असते. समुद्राला यांपैकी काहीच नसते. भरतीची रेघ जेथे संपते तेथे गावाची हद्द संपली. तिच्यापलीकडचे सारे राज्याचे, केंद्राचे किंवा मग कोणाचेच नाही, असे आपण मानून चालतो. राज्यकारभाराच्या दृष्टीने ही समजूत सोयीची आहे यात शंका नाही. परंतु या सोयीची किंमत समुद्रातील एका अत्यंत नाजूक आणि तितक्याच उपकारक रचनेला मोजावी लागते. ती रचना म्हणजे प्रवाळभित्ती. या भित्तीचे रक्षण कोणी करावे, आणि तिच्या अगदी लगत असलेल्या ज्या शासनसंस्था, म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका व जिल्हा परिषद, त्यांचा या कामी काही उपयोग आहे किंवा कसे, या प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंगळाच्या अंगठीतला तांबडा खडा उभा राहतो. ते पोवळे निराळे. ते भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणाहून येते आणि भित्ती बांधीत नाही. भित्ती बांधणारे प्रवाळ म्हणजे अगदी लहान, मऊ अंगाच्या असंख्य प्राण्यांची एक वसाहत होय. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन आपल्याभोवती कठीण घर रचतात. एक पिढी मरते, तिच्या घरावर दुसरी पिढी आपले घर बांधते, आणि अशा रीतीने हजारो वर्षांत समुद्रतळावर एक दगडी तट उभा राहतो. चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात या रचनांची उपपत्ती सांगितली; हळूहळू खचत जाणाऱ्या ज्वालामुखी बेटांच्या भोवती प्रवाळाची कंकणे कशी तयार होतात, हे त्याने तेथे मांडले आहे. या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि आपल्या यजमानाला त्यातला वाटा देते. म्हणून प्रवाळाला ऊन हवे, आणि पाणी उबदार, उथळ व निर्मळ हवे. गोलाकार दगडी प्रवाळाची वाढ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर असते. नांगराच्या एका फटक्याने जे मोडते, ते भरून येण्यास एका माणसाचे आयुष्य पुरेलच असे नाही.

या भित्तींनी व्यापलेली जागा समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कितीतरी कमी आहे. तथापि समुद्रातील ज्ञात जीवजातींपैकी सुमारे एक-चतुर्थांश जातींचा आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर या भित्तींशी संबंध येतो. मासे तेथे अंडी घालतात, पिले तेथे लपतात आणि मोठी झाली की बाहेरच्या पाण्यात जातात. शिवाय उघड्या समुद्रावरून येणाऱ्या लाटांचा बहुतेक जोर ही भित्ती आपल्या अंगावर घेते, आणि मागच्या किनाऱ्याला शांत पाणी लाभते. धक्का बांधण्यासाठी, बंधारा घालण्यासाठी आपण अंदाजपत्रके करतो आणि निविदा काढतो. येथे निसर्गाने तो बंधारा विनामूल्य बांधून दिलेला असतो, आणि विनामूल्य मिळालेल्या वस्तूची नोंद कोणत्याच दप्तरात होत नसल्यामुळे ती नाहीशी झाल्याचेही लवकर कळत नाही.

प्रवाळावर येणारी संकटे दोन प्रकारची आहेत. काही दुरून येतात, काही जवळून. दुरून येणारे मुख्य संकट म्हणजे समुद्राच्या पाण्याची वाढती उष्णता. पाणी नेहमीपेक्षा अंशाने दीड अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले की प्रवाळ आपल्या अंगातील शैवाल बाहेर टाकते व पांढरेफटक पडते. या विरंजनातून ते सावरते किंवा मरते. १९९८ व २०१० मध्ये, २०१४ ते २०१७ या काळात आणि त्यानंतर २०२३ पासून अशी विरंजनाची लाट जगभर पसरली. यांपैकी शेवटची लाट ही चौथी जागतिक लाट असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. जवळून येणारी संकटे अधिक परिचयाची आहेत. सुरुंग लावून केलेली मासेमारी, पाण्यात सोडलेले सायनाइडचे विष, बारीक आसाची जाळी, होड्यांचे नांगर, चुनखडीसाठी फोडलेले प्रवाळ, गटारांचे पाणी आणि उघड्या डोंगरउतारावरून वाहून आलेला गाळ, ही ती संकटे होत.

यावर एक आक्षेप साहजिकच घेतला जातो. समुद्रच तापू लागला असता एखाद्या ग्रामपंचायतीने ठराव करून काय होणार? आक्षेप खोटा नाही. जगाच्या हवेत साठणारा कर्बवायू कोणतीही पंचायत रोखू शकत नाही. परंतु साथीच्या दिवसांत धष्टपुष्ट माणूस आणि उपासमारीने खंगलेला माणूस यांच्या बरे होण्यात जो फरक असतो, तोच येथेही असतो. मेलेल्या प्रवाळावर पहिल्यांदा शेवाळ माजते. ते शेवाळ चरून खाणारे मासे भरपूर असतील तर खडक स्वच्छ राहतो आणि नव्या प्रवाळाच्या पिलांना तेथे बसता येते. ते मासे आधीच जाळ्यात गेलेले असतील, आणि गटारांच्या पाण्याने शेवाळाला खतही मिळत असेल, तर त्या खडकावर पुन्हा प्रवाळ येणे कठीण. स्थानिक संरक्षण विरंजन टाळू शकत नाही; सावरण्याची संधी मात्र ते देते. ही संधी कोणी द्यावयाची, हा खरा शासनाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फिलिपाइन्स या देशाकडे पाहावे, असे मला वाटते. सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश आहे. तेथे मध्यभागातील दोन लहान बेटांवर काही वर्षांच्या अंतराने एकाच स्वरूपाचा प्रयोग झाला, आणि दोन्हीकडे त्याची फळे निरनिराळी निघाली. प्रयोगामागे दुमागेते शहरातील सिलिमन विद्यापीठ होते, आणि एंजल अल्काला हे जीवशास्त्रज्ञ त्याचे प्रवर्तक होते. अल्काला यांना पुढे १९९२ मध्ये लोकसेवेसाठी मॅगसेसे पारितोषिक मिळाले, आणि काही काळ त्यांनी आपल्या देशाचे पर्यावरणमंत्रिपदही सांभाळले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

पहिले बेट सुमिलोन. हे सेबू या मोठ्या बेटाच्या आग्नेय टोकाजवळ आहे आणि ओस्लोब नगरपालिकेच्या हद्दीत मोडते. बेटावर गाव असे नाही. समोरच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार तेथे येऊन मासे धरीत. १९७४ मध्ये विद्यापीठाच्या प्रेरणेने आणि पालिकेच्या संमतीने बेटाभोवतीच्या भित्तीचा सुमारे चौथा हिस्सा मासेमारीस बंद करण्यात आला. उरलेल्या तीन हिश्श्यांत मासेमारी चालू राहिली. जागा कमी झाल्यामुळे मासळीही कमी मिळेल, अशी कोणाचीही कल्पना व्हावी. घडले ते उलट. बंद हिश्श्यात मासे वाढले, आणि ते बाहेर पसरून खुल्या हिश्श्यातील मासळीही चांगली मिळू लागली. दहा वर्षे हे असे चालले. पुढे स्थानिक राजकारणाचे वारे फिरले, पालिका आणि विद्यापीठ यांच्यातील सहकार्य तुटले, आणि १९८४ मध्ये ते क्षेत्र पुन्हा उघडे पडले. सुरुंग आले. मुरो-आमी नावाची जाळीही आली. या पद्धतीत पोहणारे लोक दोराला बांधलेले दगड खडकावर आपटीत मासे जाळ्याकडे हाकतात. आता संपूर्ण भित्ती मासेमारीस खुली होती. तरी सुमारे दोन वर्षांनी अल्काला आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन सहकारी गॅरी रस यांनी मोजणी केली, तेव्हा मच्छीमारांच्या हाती लागणारी मासळी पूर्वीच्या जवळजवळ निम्म्यावर आलेली आढळली. क्षेत्र वाढले आणि उत्पन्न घटले. सागरी व्यवस्थापनाच्या अभ्यासात हे उदाहरण आजही सांगितले जाते.

दुसरे बेट आपो. हे नेग्रोस बेटाच्या दक्षिण भागाजवळ असून त्याचे क्षेत्रफळ ७४ हेक्टरांच्या आसपास आहे. ते दाविन नगरपालिकेत येते आणि त्यावर सुमारे हजार माणसांची वस्ती आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात येथील मच्छीमारांना जवळच्या पाण्यात मासे मिळेनासे झाले होते आणि होडी घेऊन दूरवर जावे लागत होते. विद्यापीठाच्या लोकांनी येथे घाई केली नाही. त्यांनी काही वर्षे नुसत्या बैठका घेतल्या आणि बेटावरील काही मच्छीमारांना सुमिलोनला नेऊन तेथील बंद हिश्श्यातले मासे प्रत्यक्ष दाखविले. १९८२ मध्ये सुरुवातीस थोड्या कुटुंबांची संमती मिळाली, आणि आग्नेय किनाऱ्यालगतचा साडेचारशे मीटर लांबीचा पट्टा अभयक्षेत्र म्हणून राखण्यात आला. संपूर्ण भित्तीचा तो सुमारे दहावा हिस्सा होता. बाकीच्यांनी तीन वर्षे पाहिले आणि मग तेही सामील झाले. त्यानंतर दाविन पालिकेने त्याला उपविधीचे स्वरूप दिले. अभयक्षेत्रात मासेमारी पूर्ण बंद, आणि बेटाभोवतीच्या इतर पाण्यात सुरुंग, विष, मुरो-आमी व बारीक जाळी बंद, असा नियम झाला. पहारा गावातील माणसांचाच. त्याला तिकडे बांताय दागात, म्हणजे समुद्राचा पहारा, असे म्हणतात. मोठ्या, किंमती माशांच्या दोन कुळांचे अभयक्षेत्रातील वजन अठरा वर्षांत तिपटीने वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. पुढे पाणबुड्या पर्यटकांचा ओघ सुरू झाला, त्यातून बेटाला उत्पन्न मिळू लागले, आणि अनेक मुलांना उच्च शिक्षण घेता आले.

दोन्ही बेटे एकाच समुद्रात, दोन्ही प्रयोगांमागे एकच विद्यापीठ आणि दोन्हीकडे कायद्याचा आधार एकाच प्रकारच्या नगरपालिकेचा. मग फरक कोठे पडला? सुमिलोनला अभयक्षेत्र हा पालिका आणि विद्यापीठ यांच्यातील करार होता. ज्यांचे पोट त्या पाण्यावर होते ते दुसऱ्या किनाऱ्यावर राहत होते आणि कराराला त्यांचे मन बांधलेले नव्हते. म्हणून पालिकेचे मन बदलताच सारे बदलले. आपो बेटावर ठराव शेवटी आला आणि संमती आधी आली. पालिकेत माणसे बदलली तरी बेटावरची कुटुंबे बदलत नाहीत. आपल्या घराच्या अंगणातून दिसणाऱ्या पाण्यात परकी होडी शिरली तर ती त्यांना त्याच क्षणी दिसते. स्थानिक शासनाचा आधार याचा अर्थ येथे नीट ध्यानात घेतला पाहिजे. स्थानिक संस्था ही आपोआप शहाणी किंवा आपोआप सज्जन असते असे नाही. सुमिलोनची भित्ती उघडी पडली तीही स्थानिक सत्तेच्याच पालटामुळे. लोकांनी घेतलेल्या निर्णयाला कायद्याचे बळ देणे आणि ते बळ एका निवडणुकीपुरते न ठेवणे, हे तिचे काम आहे.

फिलिपाइन्सच्या संसदेने १९९१ मध्ये स्थानिक शासनाची संहिता संमत केली. तिच्या अन्वये किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचे पाणी हे नगरपालिकेचे पाणी ठरले. त्यातील मासेमारीचे नियमन, परवाने आणि शुल्क हे पालिकेच्या अधिकारात आले. त्यानंतर स्थानिक संस्थांनी राखलेल्या लहान लहान अभयक्षेत्रांची संख्या त्या देशात एक हजाराच्या पलीकडे गेली. यांतील सर्वच यशस्वी झाली असे मात्र कोणी समजू नये. कित्येक ठिकाणी ठराव झाला, फलक लागला आणि पहाऱ्याच्या होडीला इंधन घेण्यास पैसा उरला नाही. कागदावरचे अभयक्षेत्र मासे वाचवीत नाही, आणि संरक्षण झाले असा समज मात्र पसरविते. शिवाय पालिकांच्या या पाण्यावरील हक्काला मोठ्या व्यापारी मासेमारीने न्यायालयात आव्हान दिले आहे. अधिकार एकदा दिला म्हणजे तो कायमचा सुरक्षित झाला, असे त्या देशातही नाही.

पैशाचा प्रश्न आपो बेटाच्या पुढील इतिहासात अधिक स्पष्ट होतो. १९९४ मध्ये राष्ट्रपतींच्या घोषणेने आपो हे राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाले आणि त्याचा कारभार एका व्यवस्थापन मंडळाकडे गेला. मंडळात बेटाचे प्रतिनिधी होते, पालिका होती, विद्यापीठ होते आणि अग्रस्थानी केंद्रीय खात्याचा अधिकारी होता. हेतू चांगलाच होता. पण पर्यटकांचे शुल्क आता राजधानीतील तिजोरीत जाऊ लागले. त्यातील तीन-चतुर्थांश रक्कम बेटाच्या क्षेत्राला परत मिळावी असा नियम होता; ती मिळे, पण विलंबाने. पहारा रोजचा आणि त्याचा पैसा कधी तरी येणारा, अशी स्थिती झाली. जो निर्णय आपला होता तो आता दुसऱ्याचा झाला, अशी भावना बेटावर पसरली, आणि अभ्यासकांनी तिची नोंद करून ठेवली आहे. २०१३ च्या कायद्याने ही तीन-चतुर्थांश रक्कम क्षेत्राच्या मंडळाकडेच ठेवण्याची सोय झाली. सरकारी हिशेबाचा थोडासा अनुभव ज्याला आहे त्याला ही तरतूद किती महत्त्वाची आहे हे सांगावयास नको. निधी मंजूर होणे आणि निधी हातात पडणे यांच्यामध्ये पुष्कळदा एक पावसाळा निघून जातो.

आपो बेटाची कथा येथे सुखान्त करून थांबविता येत नाही. डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या दोन मोठ्या वादळांनी त्या अभयक्षेत्रातील प्रवाळाचा फार मोठा नाश केला. तीस वर्षे राखलेली बाग दोन वादळांत उद्ध्वस्त झाली. पण बेटाच्या इतर बाजूची भित्ती नियमांमुळे बऱ्या स्थितीत होती, आणि मुख्य म्हणजे राखण करणारी माणसे व राखणीची सवय शिल्लक होती. वादळानंतर नव्याने आरंभ करावयाचा झाल्यास हीच पुंजी उपयोगी पडते.

आतापर्यंत पाण्यातील पहाऱ्याचा विचार झाला. परंतु नगरपालिकेचे अधिक नित्याचे काम जमिनीवर असते, आणि प्रवाळाचे पुष्कळसे मरण जमिनीवरूनच येते. हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर कानेओहे नावाचा उपसागर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या काठी वस्ती वाढली आणि अनेक वर्षे सांडपाणी त्या उपसागरातच सोडले जात होते. पाण्यात पोषक द्रव्ये वाढली आणि बुडबुड्यांच्या आकाराचे एक हिरवे शेवाळ प्रवाळावर पसरून त्याला गुदमरवू लागले. १९७७-७८ मध्ये ते सांडपाणी नळांनी बाहेर, खोल समुद्रात नेण्याची व्यवस्था झाली. पुढील काही वर्षांतच शेवाळ ओसरले आणि प्रवाळ पुन्हा वाढू लागल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदविले. त्या समुद्रासाठी झालेले सर्वांत मोठे संरक्षणकार्य म्हणजे गटाराची एक वाहिनी होती. आपल्याकडे सांडपाण्याची योजना आरोग्य खात्याच्या किंवा बांधकाम खात्याच्या नजरेतून पाहिली जाते. किनाऱ्यावरच्या गावात ती मासेमारीचीही योजना असते, हे आपल्या नियोजनात यावयास हवे.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात प्रवाळभित्तींचे चार मुख्य प्रदेश आहेत: कच्छचे आखात, मन्नारचे आखात व त्याला लागून असलेली पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप, आणि अंदमान-निकोबार. याखेरीज आपल्या कोकणात मालवणच्या परिसरात खडकांवर प्रवाळाच्या लहान वसाहती आहेत. कायद्याचे संरक्षण कमी नाही. कच्छच्या आखातात १९८२ मध्ये देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. मन्नारच्या आखातातील २१ बेटांसह ५६० चौरस किलोमीटरचे क्षेत्र १९८६ मध्ये राष्ट्रीय उद्यान ठरले. २००१ मध्ये भित्ती बांधणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसविले. किनारा नियमनाच्या अधिसूचनांतही प्रवाळक्षेत्र अतिसंवेदनशील वर्गात मोडते.

मन्नारचा अनुभव उद्बोधक आहे. उद्यान १९८६ मध्ये झाले, तरी तुतिकोरिनच्या बाजूस चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळ फोडून काढणे त्यानंतरही चालूच होते. २१ बेटांपैकी दोन बेटे पाण्याखाली गेली, आणि भोवतीची भित्ती नाहीशी होणे हे त्याचे एक मुख्य कारण मानले जाते. अधिसूचना होती, नकाशा होता. बेट मात्र राहिले नाही. २००१ नंतर कायदा कडक झाला, आणि त्याबरोबरच किनाऱ्यावरच्या गावांत ग्रामसमित्या स्थापन करून त्यांच्यामार्फत लहान कर्जे व पर्यायी व्यवसाय देण्याचा उपक्रम सुरू झाला. मग हे खोदकाम थांबले. जो हात पहार चालवितो त्याला दुसरे काम मिळाल्यावाचून पहार थांबत नाही, ही गोष्ट कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी काम केलेल्या माणसाला ठाऊक असते.

मालवणला हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसली. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील २९ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याला स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला, आणि तो विरोध दीर्घकाळ टिकून राहिला. ही माणसे समुद्राची शत्रू होती काय? त्याच किनाऱ्यावर रापण ही सामुदायिक मासेमारीची जुनी पद्धत आहे. रापणीचे जाळे ओढण्यास सारा समुदाय लागतो, आणि मिळालेल्या मासळीची वाटणी ठरलेल्या रीतीने होते. समुद्र सामायिक आहे आणि सामायिक वस्तूला नियम लागतात, हे ज्यांच्या नित्याच्या व्यवहारात मुरलेले आहे, यांत्रिक जाळ्यांच्या अतिरेकाविरुद्ध ज्यांनी वर्षानुवर्षे आवाज उठविला, त्यांनाच अभयारण्य परके वाटले. आपो बेटावर संमती आधी आली आणि ठराव मागून आला; येथे अधिसूचना आधी आली आणि समजूत घालणे मागून सुरू झाले. आज त्या पाण्यात प्रवाळ पाहण्यासाठी बुडी घेणारे पर्यटक मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यापासून होणाऱ्या उत्पन्नाचा निश्चित वाटा त्या पाण्याच्या राखणीसाठी बाजूला काढावा आणि तो मच्छीमारांच्या सहभागाने खर्च व्हावा, ही गोष्ट अवघड नाही. ती झाल्यास विरोधाचे कारण पुष्कळ अंशी कमी होईल.

आपल्या राज्यघटनेची रचना या कामी कितपत अनुकूल आहे? प्रादेशिक समुद्राच्या पलीकडील मासेमारी केंद्राकडे, अलीकडील राज्याकडे. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने अकरावी अनुसूची आली, आणि पंचायतींकडे सोपविता येण्यासारख्या २९ विषयांत मत्स्यव्यवसाय पाचव्या क्रमांकावर आला. महाराष्ट्रात तर १९६२ च्या मे महिन्यापासूनच जिल्हा परिषदा काम करीत आहेत. परंतु विषय अनुसूचीत असणे आणि समुद्राच्या एखाद्या पट्ट्यावर पंचायतीचा हक्क असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जंगलाच्या बाबतीत आपण एक पाऊल पुढे गेलो. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मान्य केले, आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावर असा हक्क मिळाला. जंगल राखणारे गाव कायद्याच्या दृष्टीने जंगलाचे एक संरक्षक झाले. किनाऱ्यावरच्या गावाला त्याच्या समोरच्या पाण्यावर असा हक्क देणारा कायदा अद्याप झालेला नाही. तोपर्यंत २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जी व्यवस्थापन समिती व जी लोकनोंदवही सांगितली आहे, तिचा उपयोग करता येईल. नोंदवहीत झाडे व पक्षी लिहिले जातात. समोरच्या पाण्यातले खडक, माशांचे वीण घालण्याचे महिने आणि पूर्वी मिळणारी व आता न मिळणारी मासळी यांचीही नोंद तेथे झाली पाहिजे. ती सांगणारी वृद्ध माणसे अजून गावात आहेत.

सर्वच गोष्टी गावावर सोपविता येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे आणि त्यावर समृद्ध प्रवाळ आहे. तो प्रादेशिक समुद्राच्या पुष्कळ बाहेर. तेथे कोणत्याही पंचायतीची नजर पोहोचत नाही. ते काम केंद्राचेच. आणि लक्षद्वीपसारख्या ठिकाणी स्थानिक शहाणपणाचीही मर्यादा दिसून येते. ही बेटेच प्रवाळाची बनलेली, समुद्रापासून जेमतेम काही मीटर उंच. तेथील मच्छीमार परंपरेने गळाच्या काठीने बाहेरच्या समुद्रातील ट्यूना मासा धरीत आले. त्यामुळे भित्तीवरील माशांवर फारसा ताण पडला नाही, आणि १९९८ च्या विरंजनानंतर तेथील काही भित्ती बऱ्यापैकी सावरल्या. परंतु २०१० आणि २०१६ मध्ये पुन्हा आघात झाले, आणि दोन दशकांहून अधिक काळात तेथील अभ्यासलेल्या भित्तींवरचे जिवंत प्रवाळ जवळजवळ निम्म्याने घटल्याचे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. या माणसांनी आपला वाटा उचलला होता. उरलेला वाटा जगाचा आहे, आणि जगाने तो उचललेला नाही.

तेव्हा कामाची वाटणी स्पष्ट आहे. समुद्राची उष्णता हा राष्ट्रांनी आपसांत सोडविण्याचा प्रश्न आहे. दूरच्या पाण्याचे रक्षण केंद्राने करावे, आणि कायद्याची चौकट व शास्त्रीय मोजणी राज्याने पुरवावी. पण भित्तीवर नांगर पडू नये म्हणून होड्यांसाठी बोया बसविणे, गावाचे गटार वळविणे, किनाऱ्यावरची बांधकामे आवरणे, पर्यटकांचे शुल्क वसूल करून त्याच हंगामात पहाऱ्यावर खर्चणे, आणि कोणता पट्टा किती काळ बंद ठेवावयाचा याविषयी ग्रामसभेत सर्वांची संमती घेणे, ही कामे जवळच्याच संस्थेने करावयाची आहेत. ती संस्था कधी चुकेल, कधी हॉटेलवाल्यांच्या किंवा ट्रॉलरमालकांच्या दबावाखाली येईल. म्हणून तिचा ठराव एका बैठकीत रद्द न होण्याजोगा असावा, आणि मोजणीचे आकडे दरवर्षी गावाच्या फळ्यावर लागावेत. लोकांना आपल्या पाण्यातले मासे वाढल्याचे दिसले की ठराव मोडणे पुढाऱ्यांनाही अवघड जाते.

आपल्या देशात गावाने राखलेली देवराई असते, गावाने राखलेले गायरान असते, तळ्याची पाळी असते. या गोष्टी टिकल्या तेथे त्या शासनाच्या शिपायामुळे टिकल्या नाहीत, आणि मोडल्या तेथे पुष्कळदा गावानेच त्या मोडल्या. प्रवाळभित्तीही याच जातीची वस्तू आहे. फरक एवढाच की ती पाण्याखाली असल्यामुळे दिसत नाही. ती गावाच्या नजरेस आणून देणे, तिच्यावर गावाचा हक्क मान्य करणे आणि त्या हक्काबरोबर येणारी जबाबदारी पार पाडण्यास लागणारा पैसा वेळेवर देणे, एवढे शासनाने केले तर भरतीच्या रेघेवर थांबलेली गावाची हद्द समुद्रात थोडी पुढे सरकेल. तितक्या पाण्याला तरी राखणदार मिळेल.